पस्तीस हजारांत पहिला कॅमेरा: आधी फोन कुठे दगा देतो ते बघा

कराडहून एकांनी विचारलंय: "नुकती नोकरी लागली आहे, पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. बजेट ३५ हजार, ओढूनताणून ४०. पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं, मग गणपती. शिवाय गडकिल्ले आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत, जमलं तर थोडे व्हिडिओ. दुकानदार २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर दोन लेन्ससकट दाखवतोय. माझ्या फोनलाच ५० मेगापिक्सेल आहेत, मग हे मागे जाणं नाही का? आणि मित्र त्याचा ८३ पट झूमचा निकॉन पी९०० विकायला काढतोय, तो घेऊ का?"

मी लग्नं, मुंजी, बारशी आणि अधूनमधून दुकानदारांच्या मालाचे फोटो काढून पोट भरतो. "कोणता कॅमेरा घेऊ" म्हणून जो कुणी येतो त्याला मी आधी फोनमधले बिघडलेले फोटो दाखवायला सांगतो. चांगले नकोत, बिघडलेलेच. चांगले फोटो फोन पुढेही काढणारच आहे, त्यांच्यासाठी पस्तीस हजार कशाला घालवायचे? पैसे टाकायचे ते बिघाडावर. बिघाड कुठला हे कळलं की अर्धी मॉडेलं आपोआप गळतात, आणि बहुतेक वेळा लक्षात येतं की आपल्याला बॉडीपेक्षा (म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा) लेन्सची गरज जास्त होती. तुम्ही चार विषय सांगितलेत: गड, बारसं, गणपती, पक्षी. या चारही ठिकाणी फोनची अडचण वेगवेगळी आहे, आणि एका ठिकाणी तर ती जवळपास नाहीच.

त्याआधी मेगापिक्सेलचा घोळ निस्तरू. ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. गॅलरीत फोटोची माहिती उघडा, तिथे ४,०००च्या आसपास रुंदी दिसेल. त्याने काही अडत नाही म्हणा. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर मुळात सव्वाआठ मेगापिक्सेलच मावतात. ए-फोर कागदावर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने छापायला पावणेनऊ लागतात, ए-थ्रीला साडेसतरा. म्हणजे २४मधून ए-थ्री छापूनही थोडे उरतात. खरा फरक असतो सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपच्या आकारात. निकॉन आणि सोनीचा क्रॉप सेन्सर (जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, या बजेटच्या कॅमेऱ्यांत असतो तो) सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, कॅननचा किंचित लहान. मित्राच्या पी९००चा मात्र फक्त ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळ काढून बघा, तेराएक पटींचा फरक निघतो. तेव्हा २४चा डीएसएलआर घेणं म्हणजे मागे जाणं नव्हे. पण तो घेतला म्हणून आपोआप पुढे गेलात असंही नाही. का, ते बारशात कळेल.

पण गड आधी उरकू. सदाशिवगड किंवा वसंतगडावरून दिसणारं खोरं, बुरूज, पावसाळी ढग: भर उजेडात फोन हे काम छान करतो. आकाश आणि सावली दोन्ही सांभाळायला तो एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन गुपचूप जोडतो. कॅमेऱ्यात तसाच निकाल हवा तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली कच्ची फाइल काढून संगणकावर बसावं लागतं. तुमच्याकडे बरा संगणक आहे का, आणि फोटो काढून झाल्यावर तासभर बसायची तयारी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तयारी असेल तर डार्कटेबलसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नसेल तर गडावर फोनच न्या, पाठीवरचं ओझंही कमी. फक्त गडांसाठी म्हणून मी कुणाला कॅमेरा घ्यायला सांगणार नाही.

आता बारसं. घरातली ट्यूबलाइट, पाळण्याभोवती बायकांची गर्दी, बाळ हातपाय झाडतंय आणि आत्या कानात कुर्रर्र करायला वाकलेली. इथे फोनची गाळण उडते. उजेड कमी म्हणून तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, बाळ तेवढ्यात हलतं आणि चेहरा साबणासारखा गुळगुळीत होतो. नवशिका नेमका याच कारणासाठी डीएसएलआर आणतो, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स लावतो आणि त्याचा हिरमोड होतो. कारण किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). फोनचा सेन्सर लहान, पण त्याची लेन्स एफ १.८च्या आसपास उघडते. कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा, पण किट लेन्सचं भोक अरुंद. हिशेब जवळजवळ फिटतो, आणि पस्तीस हजार खर्चून आपण होतो तिथेच.

तोड एकच, प्राईम लेन्स. म्हणजे झूम नसलेली, एफ १.८ला उघडणारी. ५.६पेक्षा १.८ला जवळपास दहापट उजेड आत येतो. ज्या खोलीत किट लेन्सवर शटर पंधरांश (१/१५) सेकंदाचं मिळत होतं, तिथे आयएसओला (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याला) हात न लावता सव्वाशांश-दीडशांशापर्यंत (१/१२५-१/१५०) जाता येतं. तेवढ्यात बाळाचा हात गोठतो. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असतं त्याने हे होत नाही, तो विषय वेगळा: ते आपल्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. दुकानात हे दोन्ही सर्रास एकत्र करून सांगतात.

कोणती प्राईम, हे खोलीवर ठरतं. कॅननची ५० एक-आठ (म्हणजे ५० मिलिमीटर, एफ १.८) एसटीएम (फोकसच्या शांत मोटरचं नाव) सगळे सुचवतात, मीही सुचवतो, पण क्रॉप बॉडीवर ती अरुंद पडते. दहा फुटांवरून तिच्यात जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य मावतं. पाळणा आणि दोन माणसं, संपलं. निकॉनची ३५ एक-आठ त्याच अंतरावर पावणेसात फूट घेते. तुमच्या बहिणीच्या घरातली खोली दहा बाय बाराची असेल तर ३५ सोयीची; मंगल कार्यालय असेल तर ५० झकास, मागची गर्दीही छान धूसर होते. फोन घेऊन त्या खोलीत उभे राहा आणि भिंतीला पाठ लावून बघा, उत्तर मिळेल. एक सावधगिरी: १.८ला फोकस इतका पातळ असतो की डोळा स्पष्ट आला तर कान धूसर होतो. एकट्या बाळाला ते शोभतं. घरच्यांचा ग्रुप घ्याल तेव्हा एफ ४पर्यंत या, नाहीतर मागच्या रांगेतले काका रुसतील. आणि ट्यूबलाइटखाली शटर शंभरांश ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्याहून जलद शटरला कधी कधी फोटोत काळपट पट्टे येतात किंवा रंग बदलतो.

तुम्ही मामा आहात, त्यामुळे ऐन वेळी कुणीतरी हाक मारून बसवणारच. तेव्हा कॅमेरा कुणा चुलतभावाच्या हाती देता येईल असा ठेवा: प्रोग्राम मोड (उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो), आयएसओ ऑटो.

गणपतीत अडचण थोडी निराळी. मूर्तीवर प्रखर दिवे, बाजूला काळोख, आणि मांडवाचं कापड लाल-भगवं. घरच्या समारंभात मी फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडे वळवतो, उजेड वरून मऊ होऊन खाली येतो. मांडवात तसं केलंत तर कापडाचा रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर उतरेल. तिथे फ्लॅश बंद ठेवा आणि प्राईमवरच भागवा. स्वस्तातला मॅन्युअल फ्लॅश तीन-चार हजारांत येतो, पण तो पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. विसर्जन मिरवणुकीत मात्र लेन्सची खरी काळजी घ्या. झूम करताना किट लेन्सची नळी आत-बाहेर होते आणि हवेबरोबर गुलालही आत ओढते. जेजुरीला भंडाऱ्याचं हेच होतं. अशा ठिकाणी प्राईम लावा, बॉडीला पारदर्शक पिशवी गुंडाळून रबर लावा आणि घरी जाईपर्यंत लेन्स बदलू नका.

राहिले पक्षी, आणि त्यासोबत मित्राचा पी९००. प्रामाणिकपणे सांगतो, हा कॅमेरा मला टाकाऊ वाटत नाही. त्याची पोच २४ ते २,००० मिलिमीटरच्या बरोबरीची. एवढी पोच डीएसएलआरवर घ्यायची तर लाखांत जावं लागतं. सकाळच्या उन्हात मायणीच्या तलावाकाठी बसलेला बगळा किंवा प्रीतिसंगमावर पंख वाळवणारा पाणकावळा तो समाधानकारक टिपतो, चंद्र तर सुरेखच. पण त्या चिमुकल्या सेन्सरला उजेड कमी झाला की दाणे दिसू लागतात, उडत्या पक्ष्यावर फोकस धावत नाही, आणि २०१५च्या या मॉडेलमध्ये रॉ नाही, त्यामुळे नंतर फोटो सावरायला फारसा वाव नाही. बारशात तर तो तुमच्या फोनपेक्षाही मागे पडेल. फक्त दिवसाउजेडी पक्षीच बघायचे असते तर मी म्हटलं असतं, भाव योग्य असेल तर घ्या. तुमच्या चार विषयांतले दोन कमी उजेडातले आहेत, म्हणून नको.

मग डीएसएलआरवर पक्ष्यांचं काय? इथे दुकानदाराची ती दुसरी लेन्स येते. तिचं नाव डब्यावरून वाचून घ्या. कॅननची ५५-२५० आयएस असेल तर ठीक, एसटीएम असेल तर फारच चांगली. क्रॉप बॉडीवर ती ४०० मिलिमीटरसारखी वागते. पण ७५-३०० हाती देत असतील तर नको म्हणा. तिच्यात कंप सावरायची सोय नाही आणि लांब टोकाला ती मऊ पडते. निकॉनच्या ७०-३००चंही असंच, दिसायला सारख्या दोन लेन्स असतात, एकीवर व्हीआर लिहिलेलं असतं, दुसरीवर नसतं; व्हीआरवालीच घ्या. ४०० म्हणजे बगळे, ढोकरी, घाटावर बसणारे खंड्या. झाडाच्या शेंड्यावरचा चिमुकला वटवट्या तुम्हाला ठिपक्याएवढाच मिळेल, ते मनाशी धरून चला. माझा सल्ला, ही लेन्स आत्ता घेऊच नका. आधी प्राईम, मग दिवाळीनंतर जुन्यात लांब लेन्स. तोवर पक्षी काढायची हौस टिकली आहे का तेही कळेल.

आता बॉडी. ती आत्तापर्यंत मुद्दाम मागे ठेवली, कारण तुमच्या बजेटमध्ये बॉडीबॉडीतला फरक लेन्सच्या फरकापेक्षा लहान आहे. नवी घ्यायची म्हटली तर कॅननची १५००डी किट लेन्ससकट जवळपास सगळं बजेट खाऊन टाकते आणि प्राईमला पैसे उरत नाहीत. शिवाय तिचा स्क्रीन फिरत नाही, स्पर्शावर चालत नाही, आणि व्हिडिओत ऑटोफोकस चाचपडतो. त्यापेक्षा जुन्या बाजारात तेवढ्याच किंवा कमी पैशांत २०१७ची २००डी मिळते. तिच्यात ड्युअल पिक्सेल फोकस आहे, स्क्रीनवर बोट ठेवलं की फोकस अलगद सरकतो, स्क्रीन पूर्ण वळतो. तुम्हाला थोडे व्हिडिओही करायचे आहेत म्हणून मी हिला वरचं स्थान देईन. व्हिडिओ सोडून दिलेत तर निकॉनची डी५३०० किंवा डी५६०० उत्तम: ३९ फोकस बिंदू, बॅटरी दमदार, आणि ३५ एक-आठ लावली की घरगुती समारंभाला दुसरं काही लागत नाही. निकॉनमध्ये एक खाच आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. कुणी स्वस्तात जुनी एएफ-डी लेन्स देऊ करेल, ती लागेल, फोटोही येतील, पण फोकस हातानेच फिरवावा लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या.

"डीएसएलआर आता मेला, मिररलेस घे" असंही कुणीतरी सांगेलच. (मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला नव्या धाटणीचा कॅमेरा.) त्यात तथ्य आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. पण त्याच कारणाने लोक भराभर बदलून जुन्या बॉडी विकताहेत आणि तुमच्यासारख्याला त्या स्वस्तात मिळताहेत. घेतलेली लेन्सही वाया जात नाही: कॅननची ईएफ लेन्स अॅडॉप्टर लावून त्यांच्या आर मालिकेवर आणि निकॉनची एएफ-एस लेन्स झेड मालिकेवर फोकससकट चालते. जुनी सोनी ए६००० बजेटमध्ये बसू शकते, फोकस चपळ आहे, पण तिच्या प्राईम लेन्स महाग पडतात आणि एक जादा बॅटरी लागतेच. बजेट साठ-पासष्टपर्यंत जात असतं तर मी नव्या मिररलेसचंच नाव घेतलं असतं. त्यासाठी हप्ते काढू नका मात्र. पहिल्या नोकरीत हप्त्यावर कॅमेरा घेतला की तो बाहेर न्यायला माणूस घाबरतो, असं मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

पैशांची वाटणी मी अशी करेन: जुनी बॉडी किट लेन्ससकट वीस-बावीस हजारांत, कॅननची ५० प्राईम नवीन घेतली तर आठ-दहा हजार, आणि उरलेल्यातून नामांकित कंपनीचं ६४ जीबीचं एसडी कार्ड, एक जादा बॅटरी, हवाबंद डबा. भाव शहराप्रमाणे आणि मालाच्या स्थितीप्रमाणे हलतात, हजार-दोन हजार इकडेतिकडे धरा. "कॉम्बो"मध्ये फुकट मिळणारा ट्रायपॉड आणि लेन्सवर चढवायच्या दुर्बिणीसारख्या काचा यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

जुना माल घेताना वेळ काढा. पुण्यात, कोल्हापुरात किंवा मुंबईत फोर्ट भागात दुकानातून घेतलात तर थोडी हमी मिळते, ओळखीतून घेतलात तर भाव बरा मिळतो. दोन्हीकडे तपासणी तीच. स्वतःचं कार्ड घेऊन जा. एफ १६ला पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ, ती साफ होते. रेषा किंवा ओरखडा असेल तर उठा. लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असो, नको. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो आकडा असतो. कॅननला बहुधा वायर लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख धरतात, म्हणून तीस-चाळीस हजार क्लिकच्या आत असलेली बॉडी शोधा. लग्नवाल्याची बॉडी असेल तर जरा जपून, आमच्या धंद्यात एका हंगामात किती क्लिक होतात ते मला माहीत आहे. बॅटरी फुगलेली नाही ना, रबराची पकड सैल होऊन सुटलेली नाही ना, हेही बघा. बिलावरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. "बिल नाही, पण माल ओरिजिनल" म्हणजे एक तर ग्रे मार्केटचा (अधिकृत वितरकाला वगळून आलेला) किंवा चोरीचा, दोन्ही तुमच्या डोक्याला ताप.

घरी आणल्यावर कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवू नका. पाटण-कोयनेकडून येणारा पावसाळी दमटपणा लेन्सला बाधतो, आणि कापडी बॅग तो ओलावा धरून ठेवते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ते ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिलं की निर्धास्त. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की बदला. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात अजिबात नकोत.

बारसं पुढच्या महिन्यात म्हणजे हातात वेळ थोडा आहे. मनासारखी बॉडी तोवर मिळाली नाही तर घाईत दुकानातला जोड उचलू नका. कोल्हापुरात किंवा पुण्यात एका दिवसासाठी बॉडी आणि ५० किंवा ३५ भाड्याने मिळते, ओळखपत्र आणि अनामत लागते. आदल्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घरच्यांवर हात बसवून घ्या. आणि एखादी जुनी बॉडी नजरेत भरलीच, तर पैसे देण्याआधी मॉडेल, शटर काउंट, सोबतच्या लेन्सवर लिहिलेली पूर्ण अक्षरं, बिल आहे की नाही आणि मागितलेला भाव एवढं लिहून पाठवा, बघून सांगतो.